फळीच्या अलीकडे तीन कुत्री

कर्ली नदी देवबागला समुद्राला भेटते, पण त्याआधी बराच पल्ला ती समुद्राला समांतर वाहते. मधे वाळूची आणि माडांची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर तारकर्ली आणि देवबाग ही गावं वसली आहेत. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी. आमची बोट खाडीच्या अंगाला असते. माडांच्या बुंध्यांना दोर, पाण्यात नांगर. एकेकाळची मासेमारीची लाकडी बोट; इंजिन काढलं, वर छप्पर आणि दोन खोल्या चढवल्या. दिवाळीनंतर मुक्काम पाण्यावर, मे उजाडला की बोट किनाऱ्यावर चढवायची आणि घरी परतायचं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हापासून मे महिन्यात पाण्यावर राहायचा हट्ट कोणी करत नाही.

बोटीवर मी, नवरा आणि तीन कुत्री. मोरी काळीभोर, मालवणहून येणाऱ्या रस्त्यावर गाडीखाली सापडली आणि मागचा एक पाय गेला. बांगडो रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, वाळूवर मिळाला, तेव्हा खरजेनं त्याच्या अंगावर केस उरले नव्हते. तिसरी म्हातारी. ती लॅब्राडोर आहे. पर्यटकांबरोबर गाडीतून आली, सुट्टी संपली, गाडी गेली, ती राहिली.

शेजार मोठा आहे. खाडीत खंड्या आणि बगळे, कांदळवनात कोल्हे, पाण्यात पाणमांजरं, उंच झाडावर समुद्री गरुड, आणि थंडीत पलीकडच्या पुळणीवर अंडी घालायला येणारी कासवं. कुत्रं या सगळ्यांच्या मागे लागू शकतं. म्हणून आमचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीनं आणि कुत्र्यांच्या दोरीनं बांधलेला असतो. पौषातल्या शुद्ध एकादशीचा हा एक दिवस.

पहाटे ५

तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते, हा इथल्या दर्यावर्दी माणसांचा जुना हिशोब. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे आता पाणी चढतं आहे. बोट वर उचलली गेली की माडाकडचे दोर सैल पडतात आणि बोट भलतीकडे वळते. आधी ते आवळायचे. मग तळाची फळी उघडून रात्रभरात झिरपलेलं पाणी उपसायचं. लाकडी बोट थोडं पाणी घेणारच. रोज किती येतं यावर नजर ठेवली की कुठली फट वाढते आहे ते कळतं.

कुत्री एव्हाना उठलेली असतात, पण हलत नाहीत. किनाऱ्यावर जायची फळी रात्री आत ओढलेली असते आणि ती टाकल्याशिवाय कुठे जायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे. आधी गोडं पाणी. तहानलेलं कुत्रं खाडीचं पाणी पितं, मग ओकतं, जुलाब होतात, जास्त प्यायलं तर जिवावरही बेततं. त्यामुळे भरलेली भांडी दोन ठिकाणी, कायम. मग तिघांच्या गळ्यात पट्टे, पट्ट्यांना दोऱ्या, आणि मगच फळी बाहेर. म्हातारीचे सांधे पहाटे आखडतात. तिला पोटाखालून हात घालून उचलून न्यावं लागतं. ती मान माझ्या दंडावर टाकते आणि जमिनीवर पाय टेकेपर्यंत हू की चू करत नाही.

पहाटे साडेपाच

माडांतून पाऊलवाटेनं पलीकडे गेलं की दर्या. जमिनीवरून दर्याकडे वाहणारा मतलई वारा पाठीवर असतो. अजून अंधार आहे, पण बॅटरी जपून, खाली धरून. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात आणि त्यांना उजेड चालत नाही.

आज माग दिसला. पाण्यापासून सरळ वर गेलेली, ट्रॅक्टरच्या चाकासारखी वाळूत उमटलेली नक्षी, आणि थोड्या अंतरावर तशीच परत फिरलेली. गावातला कासवमित्र आधीच तिथे उभा होता. लांबूनच त्यानं हात वर केला.

"वयनी, कासव येवन गेला. कुत्र्यांका घेवन हंयच रवा."

आम्ही होतो तिथेच थांबलो. मोरीनं मात्र नाक वर केलं आणि दोरी ताणली. तीन पायांवर उभं राहून ती बरोबर त्या जागेकडे बघत होती. माणसाला काठीनं वाळू चाचपून मऊ जागा शोधावी लागते. कुत्र्याला वास पुरतो. फूट-दीड फूट खोल, शंभराच्या आसपास अंडी. मोकाट कुत्र्यांचा एक कळप काही मिनिटांत सगळं घरटं उकरून फस्त करतो. मोरी घरात कितीही गुणी असली तरी हे नाक तिचंही आहे. तिला मी दोष देत नाही. दोरी माझ्या हातात आहे, जबाबदारीही माझीच.

कासवमित्रानं अंडी अलगद काढून, होती तशीच वरची बाजू वर ठेवत बादलीत रचली. ती आता जाळीनं वेढलेल्या उबवणी केंद्रात, भरतीच्या रेषेच्या वर, तेवढ्याच खोल खड्ड्यात जातील. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतील. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये हे काम हाती घेतलं आणि पुढे वन विभाग आणि गावोगावची माणसं मिळून ते सिंधुदुर्गापर्यंत आलं. ही कासवं किती लांबून येतात याचा एक पुरावा गुहागरला मिळाला. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून निघून, सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून आलेला जीव. इतका पल्ला कापून आलेल्या आईची अंडी आमच्या वाडीतल्या कुत्र्यानं खावीत, हे मनाला सोसवत नाही.

सकाळी ७

परतीच्या वाटेवर रापण लागते. दोन बाजूंना माणसांची रांग, कमरेत वाकून दोर ओढणारी, मधे बायका, पोरं, टोपल्या. जाळं वाळूवर आलं की बांगडे, पेडवे, तारली वेगळी होतात आणि उरलेलं तिथेच पडतं. त्या उरलेल्यावर घारी, बगळे, कावळे आणि गावची कुत्री टपलेली असतात.

"बाय, कुत्र्यांका आवर गो, जाळ्यात केंड इले हत," रापणीवरच्या आबांनी हाक दिली.

केंड म्हणजे पोट फुगवणारा मासा. अलीकडच्या काही वर्षांत मालवणच्या मच्छीमारांची जाळी त्यानं चावून फाडली, हे सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्यांसाठी तो याहून वाईट. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, ते शिजवूनही जात नाही. गाबोळीसकट, म्हणजे पोटातल्या अंड्यांसकट, केंड खाल्लेल्या कुत्र्याचे आधी पाय लटपटतात, मग श्वास थांबतो. जाळ्यात समुद्रसापही येतात. इथल्या किनाऱ्यावर नाकाला चोच असलेला साप जास्त दिसतो, आणि त्याचं विष जहाल आहे. रापणकर त्याला काठीवर उचलून पाण्यात सोडतात. बांगडो याच वाळूवर जगला-वाढला, त्यामुळे त्याला इथलं काहीही खाण्याजोगं वाटतं. रापणीजवळून जाताना त्याची दोरी हातभर आखूड आणि तोंडाला जाळीची मुसकी. ती काढली की पुढचे दोन तास तो माझ्याकडे बघत नाही. चालेल.

समुद्रसाप पाण्यात पडतो न पडतो, तोच वरून गरुड आला. पांढरं पोट, करडी पाठ, आखूड शेपूट. पाण्यावरून सरकत त्यानं साप उचलला आणि माडांवरून निघून गेला. हा गरुड जोडीनं राहतो आणि उंच झाडावरचं तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. झाड तोडलं तर एका जोडीचं घर जातं. म्हणून घरट्याचं झाड कुठलं ते गावात सगळ्यांना माहीत असलं तरी पाहुण्यांना दाखवत नाही.

सकाळी ८

कुत्र्यांचं पहिलं जेवण. भात आणि उकडून काटे काढलेले पेडवे, मीठ अजिबात नाही. तिघांच्या तीन थाळ्या, तीन कोपऱ्यांत, बोटीवरच. खाऊन झालं की थाळ्या लगेच उचलायच्या. उरलेलं खाडीत टाकलं तर आधी कावळे आणि घारी जमतात, मग तेच कावळे बगळ्याच्या पिल्लांच्या मागे लागतात.

पुळणीवर कुत्र्यांना खाऊ घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण अन्न पडलं की कुत्री तिथेच ठाण मांडतात, तिथेच वितात, आणि पर्यटक गेले की जुलै-ऑगस्टच्या पावसात उपाशी मरतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ स्थानिकांच्या विचारानं ठरवायला सांगितलं आहे. लहान मुलं खेळतात ती जागा नको, जिन्याची तोंडं नकोत. आमच्या किनाऱ्यावर मी त्यात एक भर घालेन: कासवांची वाळू नको.

सकाळी ९

भरती उतरायला लागली, पण कांदळवनात शिरण्याइतकं पाणी अजून आहे. हा आमच्या पोटापाण्याचा वेळ. वल्ह्याची होडी, चार पाहुणे, मी. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ पासून अशी सफर चालवली, ती पाहून माझ्यासारख्या कितीतरी जणींना वल्हं हाती घ्यायची हिंमत आली. वल्ह्याला आवाज नसतो, त्यामुळे पक्षी उडत नाहीत. काही पाहुणे देवबागच्या मुखाशी जाऊन डॉल्फिन बघायचा आग्रह धरतात. इथे त्याला गादा म्हणतात. गादे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात आणि चारी बाजूंनी इंजिनं घोंघावायला लागली की त्यांना पळायला जागा उरत नाही. मी नकार देते आणि कांदळवनात वळते.

चिप्पीच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिली खुपसून ठेवाव्यात तशी श्वासमुळं वर आलेली असतात. २०२० मध्ये महाराष्ट्रानं पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मुळांमधून निवट्या उड्या मारतात. डोक्यावरून खंड्या चिरकत जातो. आज एका जांभ्याच्या दगडावर पाणमांजराची ताजी विष्ठा दिसली. जवळ होडी घेतली. माशांचे खवले, कुर्लीच्या नांगीचे तुकडे, आणि माशाचा उग्र वास. पाहुण्यांपैकी एका मुलीनं नाक मुरडलं आणि लगेच विचारलं, "ती आत्ता इथेच असतील?" असतील. पहाटे इथे बसून गेली आहेत.

या फेरीत कुत्री कधीच नसतात, आणि कारण फक्त पाठलागाचं नाही. कुत्र्याचे रोग पाणमांजराला आणि कोल्ह्यालाही होतात. २०१८ च्या पावसाळ्याअखेर गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले. त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सिंहाची ही गत, तर आमच्या खाडीतल्या पाणमांजरांच्या एखाद्या कुटुंबाला संपायला किती वेळ लागेल? लस न दिलेलं एक आजारी कुत्रं दगडावर मुतून आलं तरी पुरे. म्हणून बोटीवर पाय ठेवण्याआधी प्रत्येक कुत्र्याला लस, हा आमचा पहिला नियम.

दुपारी १२

औषधाची पेटी उघडायची वेळ. आधी तिघांना गोड्या पाण्यानं धुवून काढायचं, कारण खाऱ्या पाण्यानं आणि वाळूनं पंजांच्या बेचक्यात जखमा होतात. मग कान. बांगडोच्या कानाच्या घडीत आज दोन गोचिड्या निघाल्या. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायच्या, पिळायच्या नाहीत, साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मोरीच्या तुटक्या पायाच्या टोकाला घट्टा पडला आहे. तिथे खोबरेल तेल. म्हातारीच्या सांध्यांची गोळी भाताच्या गोळ्यात.

लसींचं कार्ड पेटीच्या झाकणाला चिकटवलेलं आहे. रेबीजची वर्षाला एकदा. डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टो, यांची एकत्रित लस, तीही वर्षाला. लेप्टो सिंधुदुर्गात माणसांचाही जीव घेतो, दर पावसाळ्यात त्याची धास्ती असते. तो उंदराच्या मुतातून पसरतो आणि बोट म्हटली की उंदीर आले. तिन्ही कुत्र्यांची नसबंदी झालेली आहे. अधिक माया करायला अधिक पिल्लं लागत नाहीत.

दुपारी अडीच

पूर्ण ओहोटी. बोट चिखलावर एका कुशीला टेकते आणि सगळं घर किंचित कलतं. समोर चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडला आहे. वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला उतरल्या आहेत. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर चिखले आणि तुतवार धावत-थांबत चोची मारतात. हे पक्षी हिमालयापलीकडून, मध्य आशियातून थंडीपुरते इथे येतात. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना अशाच दोन-तीन तासांच्या ओहोटीत कमवायची असते. एकदा कुत्रं धावून गेलं की सगळा थवा उडतो, पुन्हा बसायला वेळ घेतो, पुन्हा उडतो. त्यात कुत्र्याचा खेळ होतो, पक्ष्याचं जेवण बुडतं.

म्हणून ही कुत्र्यांच्या झोपेची वेळ. सकाळची मोठी चाल, दुपारचं भरपेट जेवण आणि छपराची सावली. अडीच वाजता कोणालाही चिखलात उतरावंसं वाटत नाही. सवय अशी लावली की दोरीची गरज कमी पडते. तरीही बांगडोची दोरी खुंटीला असतेच.

दुपारी साडेचार

निरोप आला. वाहनतळाच्या मागे खोक्यात चार पिल्लं. अजून डोळे धड उघडले नव्हते. असे निरोप डिसेंबर-जानेवारीत वाढतात. मी गेले, बघितलं. आई जवळच होती, घाबरून झुडपात बसलेली. मग पिल्लं उचलली नाहीत. आई असताना पिल्लं उचलली तर त्यांचं दूध तुटतं आणि आई पुढच्या हंगामात पुन्हा विते. खोकं सावलीत सरकवलं, आईला खायला ठेवलं आणि शेजारच्या दुकानदार काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं. पिल्लं दूध सोडतील तेव्हा लसी, मग घरं शोधायची, आणि आईला नसबंदीला न्यायचं.

बोटीवर चौथं कुत्रं येणार नाही. हे मला स्वतःला वारंवार सांगावं लागतं, कारण प्रत्येक खोक्यात एक तरी पिल्लू हाताला नाक लावतं. पण तिघांना दोरीवर फिरवता येतं, धुता येतं, रात्री आत ठेवता येतं. सहा झाली की त्यांचा कळप होतो, आणि कळप माणसाचं ऐकत नाही. आज चार पिल्लांसाठी चार घरं मिळाली तर माझं काम झालं. ती माझ्याच बोटीवर असायला हवीत असं नाही.

संध्याकाळी साडेसहा

सूर्य गेला. आज एकादशी, आमच्या ताटात रताळी आणि वरीचे तांदूळ. कुत्र्यांच्या थाळीत मात्र रोजचा भात-मासा. त्यांचं पोट पंचांगावर ठेवायला मन धजत नाही.

दिवे मिणमिणते ठेवायचे, झाकण लावून खाली वळवलेले. दर्याच्या अंगाला ज्यांची घरं-हॉटेलं आहेत त्यांना आम्ही दर हंगामात जाऊन विनंती करतो, की पुळणीकडे तोंड केलेले दिवे बंद ठेवा. अंड्यातून निघालेलं कासवाचं पिल्लू जिकडे उजेड जास्त तिकडे चालतं. निसर्गात तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असतो. हॉटेलचा दिवा त्याला उलट दिशेनं, रस्त्याकडे आणि कुत्र्यांच्या तोंडी नेतो. बरेच जण ऐकतात. एकदा पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिलेला माणूस दिवा न सांगता बंद करतो.

अंधार पडला की कांदळवनातून कोल्हे ओरडायला लागतात. एक, मग दुसरा, मग चहूबाजूंनी. मोरी उठून उभी राहते, कान ताठ. तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचं. ती गुरगुरते, भुंकत नाही. कोल्हे चिखलातल्या कुर्ल्या खायला निघाले आहेत. त्यांना आणि आमच्या कुत्र्यांना एकमेकांच्या वाटेत येऊ द्यायचं नाही. चावाचावी झाली तर रेबीज इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडेही येतो.

रात्री साडेआठ

पुन्हा भरती. दोर पुन्हा आवळले. कुत्र्यांना शेवटचं किनाऱ्यावर फिरवून आणलं, तिघांची मोजदाद केली आणि फळी आत ओढली. किनारा आणि बोट यांच्यात आता पंधरा-वीस हात पाणी आहे. त्या पाण्यानं दोन्ही बाजूंचं भलं केलं आहे. कुत्र्यांना रात्री कोणी गाडीखाली घेत नाही, कोणी दगड मारत नाही. आणि पुळणीवर येणाऱ्या कासवाला यांच्याकडून भय नाही. पोहून जाऊ नयेत म्हणून कठड्याला जाळी आहेच.

रात्री ९

उद्याची कामं वहीत लिहायची. पशुवैद्यकीय दवाखान्यात वाडीतल्या कुत्र्यांच्या लसीकरणाबद्दल बोलायचं. पिल्लांच्या आईला बघायचं. तळाच्या फटीत नवा कापूस ठोकायचा.

कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि जंगली जिवांवर प्रेम करणारे एकमेकांशी भांडताना मी पाहते, तेव्हा वाईट वाटतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे. कुत्रं माणसानं या वाळूवर आणलं, माणसानंच टाकलं. त्याचा सांभाळ हे माणसाचं देणं आहे. आणि कासव, पाणमांजर, गरुड हे इथले माणसाआधीचे रहिवासी आहेत. कुत्र्याचं ओझं त्यांच्या पाठीवर टाकायचा हक्क कोणाला नाही. लस, नसबंदी, दोरी आणि रात्रीची फळी एवढ्या चार गोष्टींत दोन्ही देणी फिटतात. त्यासाठी बोटच हवी असंही नाही. अंगणाचं फाटक रात्री लावलं तरी पुष्कळ झालं.

तारकर्लीला जरूर या. आपल्या कुत्र्यालाही आणा, त्याला समुद्र आवडेल. पुळणीवर त्याला दोरीवर ठेवा, अंधार पडला की खोलीत घ्या. आणि परत निघताना त्याला बरोबर घेऊन जा.